ताईचा पहिला रॉड

आमच्या ताईने आजवर ज्यांच्या ज्यांच्या कानाखाली आवाज काढला, त्यांची रांग लावली तर पहिला नंबर माझा लागेल. मी तिचा धाकटा भाऊ. माझा पुढचा एक दात खोटा आहे, तो तिच्याच कृपेने. आणि हे काही लहानपणीचं भांडण नव्हे, मला चांगल्या मिशा फुटल्यानंतरची गोष्ट आहे. तिच्या तळपायात काच घुसली होती आणि मी खाली बसून चिमट्याने ती काढत होतो. काच निघाली, आणि त्याच क्षणी तिची मूठ माझ्या तोंडावर बसली. मग तीच रडत रडत मला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे दात बघणारा डॉक्टर मला जरा कळ सोस म्हणाला, तर ती त्याच्याही अंगावर धावून गेली. दुखलं की तिचा हात सुटतो. तिला दुखो नाहीतर तिच्या माणसाला दुखो, हात आधी पोचतो आणि डोकं मागाहून येतं.

ती कत्तलखान्यात सत्तूर चालवते. मी तिथल्याच थंड खोल्यांची मशीनं दुरुस्त करतो, त्यामुळे तिला काम करताना मी रोज बघतो. भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत पांढऱ्या फरश्या, मधोमध गटाराची जाळी, वर लोखंडी रूळ आणि त्याच्यावरून सरकत येणारे आकडे. आकड्याला जनावराचं अर्धं धड. टेबलावर काम करणारी ती एकटीच बाई. पाठीच्या कण्यावरून सत्तूर असा सरळ उतरवते की दुसरा घाव घालावा लागत नाही. दुसरा घाव घालणाऱ्याला ती हलकट समजते. जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे, असं तिचं म्हणणं, आणि नवीन आलेल्या एका गड्याने बांधलेल्या बैलाला उगाच काठीने ढोसलं, तेव्हा तिने त्याचीच काठी घेऊन त्याची नडगी फोडली होती.

एकदा मुकादमाने जाता जाता तिच्या कमरेला हात लावला. तिने वळूनही न बघता सत्तूर आणला तो थेट लाकडी ठोकळ्यात, आणि मधे मुकादमाची बाही होती. बाहीबरोबर थोडी कातडीही अडकली. तो ठोकळ्याला खिळलेला, ओरडतोय, आणि ताई शांतपणे दुसऱ्या सुरीला धार लावतेय. ही गोष्ट आम्ही सगळे वर्षानुवर्षं सांगून हसतो. मला विचाराल तर अजूनही हसू येतं.

घरातल्या गोष्टींवर मात्र कोणी हसत नाही. दाजींच्या दंडावर इस्त्रीचा डाग आहे, टोकासकट. तिने गरम इस्त्री फेकली होती, कारण त्यांनी कामावरचा राग घरी आणू नकोस म्हटलं. ते एके दिवशी पायात चप्पलसुद्धा न घालता निघून गेले ते गेलेच. मग घरात ताई आणि तिची मुलगी राहिली. मुलीला आम्ही बारकी म्हणतो. बारकीने शाळेतून येताना घराची किल्ली हरवली, एवढंच निमित्त. ताई कामाची पाळी संपवून आली, दारात पोर उभी, दार बंद. ताईने उजव्या हाताने ठेवून दिली. बारकीच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि शाळेच्या कॉलरवर उतरलं. पडदा फाटला होता. त्या कानाने तिला आजही काही ऐकू येत नाही. आणि तो काही पहिला फटका नव्हता, आवाज कायमचा बंद करणारा तेवढा तो.

मोठी झाल्याबरोबर बारकी घर सोडून नदीकडे गेली. तिथे हौशी लोकांना मासे धरायला शिकवते. साधा गळ टाकून बसायचं नाही, पाण्यात उभं राहून पिसांची खोटी माशी लांब फेकायची आणि माशाला ती खरी वाटायला लावायची, असलं काम. तिथेच लग्न केलं. आईशी बोलणं बंद, मला मात्र फोन करायची. मी बोललो की उत्तर देण्याआधी ती फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज यायचा. चुकून डाव्या कानाला धरायची सवय तिची गेलीच नाही.

तिला मुलगी झाली, हे मी ताईला मशीनच्या खोलीत सांगितलं. ताई माझ्या हत्यारांच्या पेटीवर मटकन बसली. बराच वेळ हातातल्या मोज्यावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडत राहिली आणि मग म्हणाली, मला बघायचंय. मी म्हटलं, ती दाखवणार नाही. तिने शेजारचा पाना उचलून भिंतीवर मारला. भिंतीवरची फरशी फुटली. मग पाना जागेवर ठेवून ती पुन्हा म्हणाली, मला बघायचंय.

बारकी आधी नाहीच म्हणाली. मी दर वेळी विचारत राहिलो, ती दर वेळी विषय बदलत राहिली. शेवटी एकदा तिने विषय बदलला नाही.

"एक दिवस माझ्याबरोबर नदीत उभं राहायचं म्हणावं," ती म्हणाली. "घरात नाही, पाण्यात. तिथे मी सांगेन तसं करायचं. आणि स्वतःचं सामान स्वतः आणायचं. माझ्या सामानाला तिने हात लावायचा नाही. तेवढं जमलं तर बाळ दाखवेन."

"आणि नाही जमलं तर?"

"मग परत विचारू नकोस, मामा."

मी हे जसंच्या तसं ताईला सांगितलं. ती सत्तूर धुवत होती. म्हणाली, मासे मारायला काय जमायचंय त्यात, चल, सामान आणू.

शहराच्या जुन्या भागात मासेमारीच्या सामानाचं एक अरुंद दुकान आहे. छताला रॉड, म्हणजे गळाच्या लांब काठ्या, टांगलेल्या, एका बाजूला कमरेपर्यंतचे रबरी बूट, आणि काउंटरवर कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमधून पिसं गुंडाळलेल्या इवल्या इवल्या माश्या. दुकानदार आमच्याच वयाचा, जाड चष्म्याचा. ताई आत शिरली ती सरळ कोपऱ्यातल्या सगळ्यात जाड रॉडकडे. तो उचलून म्हणाली, हा द्या, मोडणार नाही असा दिसतोय. दुकानदाराने आधी तिच्या हातात एक साधा पारदर्शक चष्मा ठेवला. त्याचा नियमच होता, चष्मा घातल्याशिवाय रॉडला हात नाही.

"कशाला?" ताईने विचारलं.

त्याने चष्मा काढून आपला उजवा डोळा दाखवला. काचेचा होता. ताईने वाकून नीट बघितला आणि कोणी फोडला म्हणून विचारलं. स्वतःच, स्वतःच्याच गळाने, तो म्हणाला. ताईने मुकाट्याने चष्मा घातला. स्वतःच्या हत्याराने जखमी झालेल्या माणसाला ती मान देते.

मग त्याने समजावायला सुरुवात केली, आणि मला मान्य केलं पाहिजे की माणूस चिकाटीचा होता. जाड रॉड समुद्रातल्या मोठ्या माशांचा. नदीतले मासे जेमतेम वीतभर. रॉडला नंबर असतात, नवीन माणसाने मधला घ्यावा, पाच नंबर, आणि तोही जरा मऊ, मुठीपर्यंत वाकणारा. कडक रॉड आपल्या चुका लपवत नाही. ताईला रीळ हवं होतं ते सगळ्यात मोठं आणि चकचकीत. तो म्हणाला, रीळ म्हणजे नुसती दोरी गुंडाळायची जागा, ते कुठलंही चालेल, दोरी मात्र चांगली घ्या. माशीला वजनच नसतं, ती काही फेकता येत नाही. फेकायची असते दोरी, माशी तिच्यामागून जाते. दोरीच्या टोकाला पाच-सहा हात पारदर्शक धागा, त्याच्या टोकाला माशी. ताई ऐकत होती, पण डोळे त्या जाड रॉडवरच होते.

दुकानाच्या मागे एक चिंचोळं आवार होतं, दोन भिंतींच्या मधे. गिऱ्हाइकाने तिथे रॉड फेकून बघायचा, गळाऐवजी टोकाला लोकरीचा गोंडा बांधून. दुकानदाराने एकदा करून दाखवलं. हात वर, रॉड मागे, क्षणभर थांबायचं, दोरी मागे सरळ झाली की पुढे. गोंडा समोरच्या भिंतीपाशी अलगद उतरला. ताईने रॉड घेतला आणि सत्तूर घालावा तसा घातला. दोरी हवेत फटकन वाजली. दुकानदार म्हणाला, हळू. तिने पुन्हा घातला. हळू, ताई, हळू. तिसऱ्यांदा तिने सगळं अंग मागे नेलं, रॉडचं टोक मागच्या भिंतीवर आपटलं आणि कडकन मोडलं.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दुकानदार रबरी बुटांच्या ढिगात पाठीवर पडलेला, त्याची कॉलर ताईच्या मुठीत, आणि तुटक्या रॉडचं टोक त्याच्या गालापासून बोटभर. "मला हळू शिकवतोस?" ती विचारत होती. मी मधे पडलो तर तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, मी भिंतीला टेकलो, श्वास येईना. दुकानदाराचा चेहरा लाल झाला होता. पण तो ओरडला नाही. दाबलेल्या गळ्यातून म्हणाला, "तुम्ही मागे थांबत नाही. मागची दोरी सरळ व्हायच्या आत पुढे मारता. एवढंच आहे. मागे थांबा."

ताईने त्याच्याकडे बघितलं. मुठीकडे बघितलं. सोडलं. मोडका रॉड आमच्याच बिलात धरा म्हणाली, आणि दुसरा मागितला. पाच नंबर, मऊ.

दुसऱ्यांदा दुकानदार जरा लांब उभा राहिला, पण शिकवलं त्याने. जाता जाता एक युक्तीही दाखवली. झाडीत हात वर करायला जागा नसेल तर माशी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, मागे ओढून रॉडला बाक आणायचा आणि चिमटी सोडायची. धनुष्यासारखं. लांब जात नाही, पण जातं. फक्त गळाचं टोक बोटांपासून बाहेर ठेवायचं. ताई म्हणाली, हा पोरांचा खेळ झाला, आणि तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

खरी बाचाबाची झाली ती माश्यांवरून. त्याने डबीत माश्या भरताना प्रत्येकीच्या गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायला घेतला. ताईने त्याचा हात धरला.

"मोडकं सामान देताय?"

तो म्हणाला, काटा दाबला की मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. धरून सोडूनच द्यायचा असतो तिकडे. ताई माझ्याकडे वळली, जणू मी हा माणूस शोधून आणलाय. "धरायचा, पाण्यात ओढून ओढून दमवायचा, आणि सोडायचा? आमच्याकडे जनावराचा असा छळ केला तर मी हात तोडीन." आणि मग तिने त्याला आमच्या कातडी सोलणाऱ्याची गोष्ट सांगितली. एका आकड्याचं तोंड झिजून उघडं पडलं होतं, कोणी बघितलं नाही, आणि बैलाचं अर्धं धड वरून त्याच्या खांद्यावर आलं. ताईनेच त्याला खालून ओढून काढलं. हाड बाहेर आलं होतं. त्याचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. सोडणारा आकडा म्हणजे मरण, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग काचेच्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "उलटा काटा माशालाच लागतो असं नाही, ताई. आत जाताना तो सरळ जातो. निघताना मांस घेऊन निघतो."

ताईने मान डोलावली. त्याने सगळ्या माश्यांचे काटे दाबले. आणि तो बिल करायला वळला तेव्हा तिने ट्रेमधली एक तपकिरी माशी उचलून आपल्या टोपीच्या पट्ट्यात खोचली, हीही बिलात धरा म्हणाली, आणि डबी खिशात टाकली. ही एक माशी पक्कडीखाली गेली नाही.

त्यानंतर रोज काम संपलं की ती कत्तलखान्याच्या मागच्या आवारात लोकरीचा गोंडा फेकत उभी राहायची. आजूबाजूला धुतलेले रबरी एप्रन वाळत घातलेले. हळूहळू दोरी सरळ जायला लागली. मागे थांबायला ती शिकली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मला खरंच वाटलं की आता जमणार. तेवढ्यात एका गड्याने विचारलं, काय ताई, हवेत माश्या मारता का. तिने पायाशी पडलेली बादली उचलून फेकली. त्याची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, टाके घालावे लागले. दवाखान्यातून परत येताना ती मला म्हणाली, बारकीला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. पण झोप उडाली माझी.

नदी रुंद नव्हती. गुडघ्याच्या वर पाणी, तळाला गोटे, आणि मागे झुडपांची रांग. बारकी आधीच येऊन उभी होती. किती वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या, आणि बोलल्या ते सामानाबद्दल. बारकीने रॉड हातात न घेताच वाकून बघितला. पाच नंबर, मऊ, चांगला निवडला, म्हणाली. डबी उघडायला लावली, एकेक माशी बघितली, सगळे काटे दाबलेले. एवढा वेळ ताईच्या तोंडावर शाळेत तपासणीला उभ्या राहिलेल्या पोरीचा भाव होता. टोपीच्या पट्ट्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही, माझंसुद्धा.

बारकीने धाग्याला माशी बांधून दिली आणि दोघी पाण्यात उतरल्या. मी काठावर बसलो. बारकी आईच्या डाव्या हाताला उभी राहिली, हात पोचणार नाही इतकी लांब. ऐकू येणारा कान आईकडे. तिने समोरच्या खडकामागचं संथ पाणी दाखवलं आणि म्हणाली, टाक.

ताईने हात वर केला.

अगदी बरोबर केला. हळू, कोपर अंगाशी, रॉड मागे, थांबली. आणि बारकी खाली बसली. पाण्यात, छातीपर्यंत, डोकं गुडघ्यांकडे, दोन्ही हात डाव्या कानावर. ज्या कानात वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही, तोच तिने झाकून धरला होता.

ताईचा हात वरच राहिला. मागे गेलेली दोरी झुडपात पडली. मग ताईने रॉड खाली आणला, इतका सावकाश की मला वाटलं तिच्या हातातलं बळ गेलंय. बारकी उठली. तिच्या बुटांत पाणी शिरलं होतं. मान खाली घालून ती काठावर आली आणि माझ्या शेजारी बसली. दात वाजत होते.

"मला नाही जमत, मामा," ती म्हणाली. "तिला घेऊन जा."

मला तिच्या आईचा राग आला, असा की त्या क्षणी मीच तिला धरून पाण्यात बुचकळलं असतं. आमच्या घराण्याचा हातच तसला. मी उठलो, हाक मारली, चल ताई, निघू. ती वळली नाही. तिने झुडपात अडकलेली दोरी ओढली, माशी तुटून तिथेच राहिली. मग टोपी काढली, पट्ट्यातली तपकिरी माशी घेतली आणि जाड बोटांनी, चुकत माकत, ती धाग्याला बांधली. रॉड कमरेपाशी आडवा धरला. माशी डाव्या चिमटीत घेतली, मागे ओढली, आणि सोडली. पोरांचा खेळ. माशी तिच्यापुढे चार पावलांवर टपकन पडली.

तिने दोरी गोळा केली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. हात खांद्याच्या वर एकदाही गेला नाही. त्या पाण्यात मासा नव्हता, आमच्याकडे तोंडही नव्हतं तिचं. पण ती कोणासाठी करत होती, ते माझ्या शेजारी बसलेल्या पोरीला कळत होतं, कारण तिचे दात वाजायचे थांबले होते आणि ती बघत होती.

मग ताईच्या तोंडून एक आवाज आला, जनावराचा येतो तसला. चिमटी सुटली होती, पण गळ सुटला नव्हता. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तो बाकापर्यंत आत गेला होता. तिने रॉड बगलेत धरून उजव्या हाताने गळ ओढला. कातडी तंबूसारखी वर आली, गळ आला नाही. रक्त मनगटावरून बाहीत शिरलं. पुन्हा ओढला. मग तिने खिशातली सुरी काढली.

"आई, थांब," बारकी ओरडली आणि पाण्यात धावली.

तिने सुरी घेतली, रॉड माझ्याकडे फेकला, आईला एका सपाट खडकावर बसवलं आणि हात उलटा करून बघितला. तिच्या कामात हे नेहमीचंच, हौशी लोकांच्या बोटांतून, कानांतून, मानेतून तिने किती गळ काढले असतील. पण गळ जरासा हलवून बघताच तिचा चेहरा पडला.

"काटा दाबलेला नाही."

"नाही," ताई म्हणाली. "एक तसाच घेतला होता. सोडणारा नको म्हणून."

अशा गळाला एकच उपाय. धाग्याचा फास बाकात अडकवायचा, गळाचं डोकं अंगठ्याने खाली दाबायचं आणि एकदम जोरात हिसडा द्यायचा. जोर कमी पडला तर काटा आतलं आणखी फाडतो. बारकीने फास घातला, टोक आपल्या मुठीला गुंडाळलं, डोकं दाबलं. आणि थांबली. ती गळाकडे बघतच नव्हती. ती आईच्या उजव्या हाताकडे बघत होती, मांडीवर उघड्या पडलेल्या, मिटायला लागलेल्या. मीही तिकडेच बघत होतो. माझी जीभ आपोआप खोट्या दाताला लागली. दुखलं की तो हात सुटतो, आणि बारकीचा चांगला कान त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता.

मी म्हणालो, मी ओढतो. ताईने मानेनेच नाही म्हटलं.

ती एका बाजूला कलली, उजवा हात मांडीखाली सारला, तळवा खडकावर, आणि सगळं वजन टाकून त्याच्यावर बसली.

"आता ओढ," ती मुलीला म्हणाली. "जेवढा जोर असेल तेवढा लाव. मी उठत नाही."

बारकीने ओढलं. दोरी वाजावी तसा आवाज झाला, गळ सुटून तिच्या कानाशेजारून मागे उडाला, रक्ताची धार दोघींच्या तोंडावर. ताईचं सगळं अंग उसळलं, मान मागे गेली, उजवा खांदा झटक्याने पुढे आला. हात नाही आला. तिने ओठ इतका चावला होता की हनुवटीवरही रक्त होतं. बारकी डोळे मिटून बसली होती, वाट बघत. मग तिने ते उघडले.

थोड्या वेळाने ताईने हात बाहेर काढला तेव्हा तळव्यात वाळूचे खडे रुतलेले होते आणि बोटं पांढरी पडली होती. बारकीने जखमेवर पट्टी बांधली. पाण्याकाठी शोधून तो गळ आणला, पक्कडीत धरला आणि दोन्ही हातांनी, ओठ आवळून, त्याचा काटा दाबला. किती वेळ दाबत होती. मग आईच्या टोपीच्या पट्ट्यात परत खोचला.

"बाळ उठलं असेल," ती म्हणाली.

घर जवळच होतं. एक खोली, भिंतीवर ओले बूट टांगलेले. जावई बाळाला घेऊन दारात उभा होता. आमच्या ताईच्या तोंडावरचं रक्त बघून तो बाजूला झाला नाही. बारकीने मान डोलावली तेव्हा झाला. ताईने कामावर धुते तसे कोपरापर्यंत हात धुतले, पट्टी ओली झाली तरी. मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, आणि मी बघितलं, तिने उजवा हात पुन्हा मांडीखाली घातला.

बारकी बाळ घेऊन समोर आली आणि थबकली.

"असं कसं घेशील, आई?"

"डाव्याने घेते," ताई म्हणाली. "हा नको."

बारकी वाकली. आईचा उजवा हात मनगटाला धरून तिने मांडीखालून ओढून काढला. तो हात तिने आपणहून धरल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. तळव्याला चिकटलेली वाळू तिने अंगठ्याने झटकली आणि बाळ मांडीवर ठेवलं.

"हा इथे," ती म्हणाली. "डोक्याखाली. डोकं सोडायचं नाही."

ताईने डोकं सोडलं नाही. ती रडत होती, पण हात हलू देत नव्हती. बारकी तिच्या उजव्या बाजूला, अगदी लागून बसली आणि बाळाची मान त्या हातावर नीट टेकली आहे ना, ते बघत राहिली.